गुडघाभर खंदक

सोलापूरवर बॉम्ब टाकून शत्रूला काय मिळणार होतं, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आजही कळलेलं नाही. फार तर चादरी मिळाल्या असत्या. पण एकाहत्तर साली थंडीत युद्ध सुरू झालं आणि आमच्या पेठेतल्या प्रत्येक शहाण्या माणसाची खात्री पटली, की पहिलं विमान येणार ते आपल्याच गल्लीवर. आमच्या अप्पांनी धान्याच्या दुकानातल्या दिव्याला काळा कागद गुंडाळला. मग त्यांना तागडीचा काटा दिसेना, म्हणून ते दिवस मावळायच्या आत दुकान बंद करायला लागले. गिऱ्हाइकं कुरकुरली, तेव्हा अप्पा म्हणाले, "देशासाठी एवढं करायला नको?" देशासाठी लवकर जेवून झोपणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

हा गुण मी त्यांच्याकडूनच घेतला. थोडं करायचं आणि फार केलं असं स्वतःलाच सांगत राहायचं.

मी तेव्हा मुलींच्या एका प्राथमिक शाळेत नुकती लागले होते. शाळा गिरणीच्या मागच्या अंगाला, दोन बोळ सोडून. चौथीचा वर्ग माझ्याकडे होता. नोकरी तात्पुरती होती आणि वर्ष संपताना मला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका ठरवणार होत्या. घरी अव्वानं, माझ्या आईनं, मंद्रूपचं एक स्थळ धरून ठेवलं होतं. किराणा दुकान, दोन विहिरी आणि एकुलता एक मुलगा. घरात असा तह झाला होता, की नोकरी कायम झाली तर स्थळाला नाही म्हणायचं, नाही झाली तर मुकाट्यानं हळद लावून घ्यायची. मंद्रूपबद्दल माझी काही तक्रार नाही, तिथला आठवड्याचा बाजार फार चांगला भरतो. पण मुलगा मला बघायला आला तेव्हा त्यानं एकच प्रश्न विचारला होता, गल्ल्यावर बसता येईल का. मला गल्ल्यावर बसायचं नव्हतं. मला खुर्चीवर बसायचं होतं आणि समोर मुलींनी उभं राहून 'नमस्ते बाई' म्हणायला हवं होतं.

तर युद्ध सुरू झाल्यावर वरून फर्मान आलं. प्रत्येक शाळेनं खंदक खणावा, मुलांना हवाई हल्ल्याची कवायत शिकवावी आणि खात्याचे साहेब येऊन ती बघतील. मोठ्या बाईंनी मधल्या सुट्टीत सगळ्या शिक्षिकांना बोलावून विचारलं, "हे काम कोण घेतंय?" एकीला चहा फार गरम लागला, एकीच्या स्वेटरचे टाके सुटले, एकीला एकाएकी सर्दी झाली. मी हात वर केला. "कॉलेजात मी एन.सी.सी.त होते," असंही वर सांगितलं. होते, हे खरं. पहिल्याच शिबिरात, पहिल्याच परेडला उन्हानं चक्कर येऊन पडले होते, हेही तितकंच खरं. पण ते कुणी विचारलं नाही.

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "घ्या," त्या म्हणाल्या. "पण एक लक्षात ठेवा. कवायत कशीही करा, शेवटी मला मुली मोजून परत हव्यात. एक जरी कमी भरली, तर कायम करण्याचा विषय माझ्याकडं काढू नका."

"एकही कमी भरणार नाही, बाई," मी म्हणाले. इतक्या जोरात म्हणाले, की सर्दीवाल्या बाईंनी रुमाल खाली घेतला.

पहिलं काम खंदकाचं. शाळेच्या पुढं रस्ता, एका बाजूला संडास, दुसऱ्या बाजूला बोळात उघडणारं छोटं फाटक. उरली मागची भिंत. भिंतीपलीकडे कापसाच्या वेस्टचं गोदाम होतं, म्हणजे गिरणीतला टाकाऊ कापूस, गाद्यांत भरायला जातो तो. भिंतीची सावली सकाळभर अंगणात पडायची. मला ती जागा फार आवडली. मुलींना ऊन लागणार नाही, असा विचार मी केला. कापसाच्या ढिगाला चिकटून मुली निजवणं हा संरक्षणाचा कुठला प्रकार, हा विचार मी केला नाही.

शिपाईमामांनी दोन गडी आणले. वीतभर माती निघाली आणि खाली मुरूम लागला. दिवसभर पहारीचा आवाज येत राहिला आणि खंदक जेमतेम गुडघ्याएवढा झाला. संध्याकाळी मामा घाम पुसत म्हणाले, "बाई, ह्येच्या खाली पहार जात न्हाय. सुरुंग लावावा लागंल."

मुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळेत सुरुंग लावायचा, हे मलासुद्धा बरं दिसेना. "राहू द्या," मी म्हणाले. "पोटावर झोपलं की पुरतो."

"व्हय, पुरतो की," मामा म्हणाले. "बारक्या पोरींना पुरतो."

असा तो आमचा गुडघाभर खंदक. लांबीला चांगला होता, पण त्यात एकच वर्ग मावायचा, म्हणून कवायत फक्त माझ्या चौथीनं करायची ठरली. रोज सकाळी त्यात गल्लीतल्या दोन शेळ्या बसलेल्या असायच्या. त्यांना हाकलणं हा माझ्या युद्धकार्याचा पहिला भाग होता.

मग मी शिट्टी विकत घेतली. चांगली पितळेची, काळ्या गोफाची. ती गळ्यात घालून मी शाळेत जायची, गळ्यात घालून घरी यायची आणि एकदा गळ्यात घालूनच जेवायला बसले. अव्वा ताटात भाकरी टाकता टाकता म्हणाली, "लोकांच्या मुली या वयात गळ्यात काय घालतात आणि आमची काय घालते बघा." अप्पा हसले. मी शिट्टी पदराआड केली, पण काढली नाही.

सरकारी पत्रकात कवायत अशी दिली होती: धोक्याचा इशारा होताच खंदकात जावं, पोटावर पडावं, छाती जमिनीला टेकू नये म्हणून कोपरांवर रेलावं, कानांत बोटं घालावीत आणि दातांत रुमाल धरावा. आमच्या मुलींकडे रुमाल कुठले? विड्या वळणाऱ्या, गिरणीत विणायच्या साच्यावर काम करणाऱ्या घरांतल्या मुली त्या. पण वेणीला लाल रिबीन सगळ्यांच्या होती. मी हुकूम काढला की रिबिनीचं टोक दातांत धरायचं. मुलींना हे इतकं आवडलं, की दोन दिवसांत सगळ्यांच्या रिबिनी चघळून चघळून दोरीसारख्या झाल्या आणि आया भांडायला आल्या.

शेवटचा नियम माझा स्वतःचा होता. मुली एकमेकींना ढोसत मध्येच उठायच्या, खिदळायच्या. म्हणून मी बजावलं, "मी येऊन पाठीवर हात ठेवल्याशिवाय कुणी उठायचं नाही. आभाळ कोसळलं तरी नाही." एकेकीच्या पाठीवर हात ठेवत मी खंदकाच्या कडेनं चालायची, तेव्हा मोजदादही होऊन जायची. या युक्तीवर मी स्वतःवरच खूष होते. कसलाही मोठा सेनापती एवढा खूष असेलसं वाटत नाही.

आठवडाभर आम्ही रोज सराव केला. शिट्टी वाजली की बाकांची खडखड, पावलांची धावाधाव आणि क्षणात लाल रिबिनी दातांत धरलेल्या मुलींची ओळ खंदकात. इतर वर्गांच्या बाया खिडकीतून बघायच्या. मी त्यांच्याकडे न बघितल्यासारखं करून बघायची.

आता भोंग्याचं सांगते, कारण माझं नाक कापलं गेलं ते भोंग्यामुळं.

गिरणीचा भोंगा म्हणजे आमच्या गावाचं घड्याळ होतं. पाळी सुरू झाली की भोंगा, सुटली की भोंगा, दुपारी जेवायला भोंगा. आमच्या शाळेत एक जुनी वहिवाट होती. ज्यांचे आईवडील गिरणीत सकाळच्या पाळीला असत, त्या मुली घरून निघताना त्यांचे डबे घेऊन येत. व्हरांड्यात डब्यांची रांग लागायची. दुपारचा भोंगा झाला, की बाई काहीही शिकवत असोत, मुली उठायच्या, आपापला डबा उचलायच्या आणि बोळातल्या फाटकातून गिरणीच्या दाराशी जायच्या. तिथं आईबाप डबा घ्यायचे, कापसाचे कण लागलेला हात पोरीच्या डोक्यावरून फिरवायचे आणि मुली परत यायच्या. परवानगी मागायची नाही, विचारायचं नाही. माझा भागाकार नेमका बाकी उरते तिथं यायचा आणि भोंगा व्हायचा. सुरुवातीला मी एकदा दार अडवून उभी राहिले होते. एक मुलगी शांतपणे म्हणाली, "बाई, भोंगा झाला की," आणि माझ्या काखेखालून निघून गेली.

आमचा वर्ग जवळजवळ सगळाच डबेवाला. राहिली एकच मुलगी, भिंतीच्या कडेला बसणारी, शेलाटी, कमी बोलणारी. दुपारचा भोंगा झाला की ती एकटीच बाकावर बसून पाटीवर काहीबाही काढत असायची. मला ती आवडायची, कारण माझा भागाकार शेवटपर्यंत ऐकणारी ती एकटीच होती.

साहेब यायचा दिवस ठरला. त्याच दिवशी सबंध गावाची तालीम होती आणि गिरणीचा भोंगा हाच विमानहल्ल्याचा इशारा असणार होता. खरा इशारा चढ-उतार करत वाजला पाहिजे, असं पत्रकात होतं. आमचा म्हातारा भोंगा उभ्या जन्मात एकाच सुरात ओरडलेला. तो कसला चढतोय आणि उतरतोय! आम्ही मात्र आठवडाभर सराव केला होता शिट्टीवर. भोंगा आणि शिट्टी यांत काही फरक असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. भोंगा म्हणजे मोठी शिट्टी, असं मी समजून चालले होते.

साहेब आले. कोट, टोपी, हातात काठी. मोठ्या बाई त्यांच्या बाजूला खुर्चीवर. मी व्हरांड्याच्या पायरीवर, गळ्यात शिट्टी. मुली वर्गात. दुपार व्हायला अजून बराच वेळ होता. आणि भोंगा झाला.

बाकांची खडखड झाली. पावलांची धावाधाव झाली. मी साहेबांकडे बघून थोडं हसलेसुद्धा. मुली व्हरांड्यात आल्या, खाली वाकल्या, आपापला डबा उचलला आणि खंदकाकडे न बघता बोळातल्या फाटकातून धावत सुटल्या. आज भोंगा लवकर झाला, एवढंच त्यांना कळलं होतं. बाप दारात येऊन उभा असेल आणि डबा पोचला नसेल, याची त्यांना घाई होती. मी शिट्टी फुंकली. पुन्हा फुंकली. शेवटची मुलगी वळून ओरडली, "आलो बाई, डबा देऊन!"

विमानहल्ल्याच्या भर वेळी माझा सगळा वर्ग उघड्या रस्त्यावर होता. व्हरांड्यात शिपाईमामा तोंडावर टोपी धरून हसत होते.

साहेब उठून खंदकापाशी गेले. मीही गेले, कारण कुठंतरी जायला हवं होतं. खंदकात एक मुलगी होती. पोटावर पडलेली, कोपरं टेकलेली, कानांत बोटं, दातांत रिबीन. भिंतीकडेची तीच. माझा जीव भांड्यात पडला. "साहेब," मी म्हणाले, "ही बघा. कवायत जिला कळली ती ही. आदर्श मुलगी." आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. ती उठली.

साहेबांनी तिला विचारलं, "बाळ, तू का नाही गेलीस सगळ्यांबरोबर?"

तिनं रिबीन तोंडातून काढली. "आमचं कुनी न्हाय आता गिरनीत," ती म्हणाली.

मोठ्या बाई हळूच मला म्हणाल्या, "तिचे वडील गेल्या साली वारले. साच्यावर होते. आई घरी विड्या वळते." मी मान हलवली. ऐकलं मी, पण माझं सगळं लक्ष साहेबांच्या चेहऱ्यावर होतं, ते काय बोलतात इकडे.

साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमच्या मुली बॉम्बनं मरतील, पण आईबापांना उपाशी मरू देणार नाहीत." आणि चहा न घेता गेले.

मोठ्या बाई रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "आज एकच भरली. बाकी सगळ्या कमी. परीक्षेपर्यंत बघू आता तुमचं काय करायचं ते." घरी येऊन मी शिट्टी खुंटीला टांगली. अव्वानं ती बघितली, माझ्याकडे बघितलं आणि मंद्रूपला निरोप धाडायची तयारी सुरू केली.

युद्ध लवकरच संपलं. आम्ही जिंकलो, त्यात माझा वाटा नव्हता. खंदक बुजवायचं काम निघालं, पण मामा म्हणाले, मुरूम परत भरायला गडी मिळत नाहीत. खंदक तसाच राहिला आणि शेळ्या त्यात बसत राहिल्या. कवायत मात्र मी सोडली नाही. परीक्षेच्या आधी मोठ्या बाईंना एकदा तरी पूर्ण मोजदाद दाखवायची, असा हट्ट होता. शिट्टी पुन्हा गळ्यात आली. दर शनिवारी शिट्टी, खंदक, रिबीन, पाठीवर हात. मुलींना ते लंगडीइतकंच आवडत होतं.

शिमगा झाला आणि ऊन तापायला लागलं. एका सकाळी मी वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी होते. मागून एक मुलगी म्हणाली, "बाई, जळाल्याचा वास येतोय." मी म्हणाले, "तुझं लक्ष गणितात असतं तर वास आला नसता." मग मलाच आला. दारातून बाहेर बघितलं तर भिंतीपलीकडून पांढरा धूर वर येत होता. बघता बघता तो काळा झाला. गोदामात कुणीतरी ओरडत होतं. पेटलेल्या कापसाचे पुंजके भिंतीवरून उडून आमच्या अंगणात पडायला लागले.

मी काय केलं असेल? शिट्टी फुंकली. इतके दिवस जे शिकवलं ते हाताला आलं, डोक्याला विचारायला वेळच नव्हता. एक जोरदार शिट्टी, आणि ती तोंडात असतानाच माझी नजर खंदकावर गेली. खंदक भिंतीला लागून. भिंतीला लागून आग. मी माझ्या मुलींना आगीत निजायला बोलवत होते. अर्ध्याअधिक मुली उठल्याही होत्या, रिबिनी हातात घेऊन.

'पळा' म्हटलं असतं तर त्या कुठं पळाल्या असत्या कोण जाणे, काही खंदकाकडे, काही बाकाखाली, काही माझ्या पदराला धरून. आणि एकदम मला तो साहेबांपुढचा दिवस आठवला. मी सगळा जीव एकवटून ओरडले, "भोंगा झाला! डबे घ्या!"

भोंगा झालेला नव्हता. पण बाई म्हणतात म्हणजे झाला असेल. मुली वळल्या, व्हरांड्यात वाकल्या, डबे उचलले आणि एकीमागे एक बोळातल्या फाटकातून बाहेर. ढकलाढकली नाही, रडारड नाही. रोज हेच तर करत होत्या. बाकीचे वर्ग पुढच्या दारानं रस्त्यावर निघाले होते. मी माझ्या मुलींच्या पुढं झाले. पुढं का? सेनापती पुढं असतो म्हणून, असं मी नंतर लोकांना सांगत असे. खरं म्हणजे माझे पाय मुलींपेक्षा जास्त घाबरले होते.

गिरणीच्या दारात धूर बघून कामगार बाहेर आलेच होते. मुली आपापल्या माणसांच्या हातात डबे देत होत्या. एक बाई मला म्हणाली, "बाई, आज लई लवकर सोडलं की पोरींना?" मला हसू आलं. छातीत काहीतरी फुगलं. वाटलं, मोठ्या बाई, साहेब, अव्वा, सगळ्यांनी यावं आणि बघावं. सगळ्या मुली बाहेर, एकीच्याही केसाला धक्का नाही. मी मोजायला लागले. मी घाबरले की कानडीत मोजते, घरची सवय आहे ती. ओंदु, एरडु, मूरु. शेवटपर्यंत आले आणि एक कमी भरली.

पुन्हा मोजलं. मराठीत मोजलं. एक कमीच.

कोण, हे बघायला मला कुणाचा चेहरा शोधावा लागला नाही. प्रत्येक मुलीच्या शेजारी डबा घेतलेलं एक माणूस होतं. 'डबे घ्या' म्हटल्यावर जी उठणार नव्हती, जिच्याकडे उचलायला डबाच नव्हता, ती शाळेत होती. आणि मी तिला शिट्टी वाजवून कुठं पाठवलं होतं, हे मला त्याच क्षणी कळलं.

मी परत धावले. चपला कुठं गेल्या ते आजपर्यंत कळलेलं नाही. फाटकात शिपाईमामांनी मला अडवलं. "बाई, आत कुनी न्हाय. मी सोता बघितलं, वर्ग रिकामा हाय."

"वर्गात नाही मामा, खंदकात!" मी त्यांना ढकलून आत गेले.

अंगणभर धूर. पलीकडे लोक बादल्या ओतत होते, बंबाची घंटा कुठंतरी वाजत होती. पेटलेले पुंजके पडून विझत होते. मी तिला हाका मारल्या. उत्तर आलं नाही. ते येणारच नव्हतं, कानांत बोटं घालायला मीच शिकवलं होतं. दातांत रिबीनही मीच दिली होती. आभाळ कोसळलं तरी उठू नको, हेही माझेच शब्द. मी रांगत रांगत खंदकाच्या कडेनं गेले. आयुष्यात पहिल्यांदा मला तो खंदक खोल वाटला.

ती शेवटच्या टोकाला होती. पोटावर, कोपरं टेकून, तंतोतंत. पाठीवर राख साचली होती आणि फ्रॉकला दोन ठिकाणी जळून भोकं पडली होती. पाठ खालीवर होत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

तिनं कानांतली बोटं काढली, दातांतली रिबीन काढली आणि खोकत खोकत वर बघितलं. डोळे लालभडक झाले होते. म्हणाली, "बाई, लई वेळ लावला की तुमी."

मी खंदकात बसून रडले. शाळेच्या शिस्तीला ते शोभणारं नव्हतं, पण रडले. शेवटी तिनंच माझा हात धरून ओढला आणि आम्ही दोघी वाकून फाटकातून बाहेर पडलो. बाहेर आल्यावर ती माझ्या मागं गेली आणि एका हाताच्या अंतरावर उभी राहिली. ओळीत चालायचं असतं, हे मी शिकवलं होतं ना.

आग विझली. गोदाम गेलं, आमची मागची भिंत काळी झाली, कुणाला इजा झाली नाही. रस्त्यावर मोठ्या बाईंनी माझा वर्ग स्वतः मोजला. सावकाश, एकेकीच्या डोक्याला बोट लावत. "भरल्या," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघितलं. तोंडाला काजळी, पायात चपला नाहीत, गळ्यात शिट्टी. "तुम्हीपण भरलात," त्या म्हणाल्या. सुट्टी लागायच्या आत त्यांनी मला कायम केलं. मंद्रूपच्या त्या मुलाला गल्ल्यावर बसणारी मिळाली आणि तिनं म्हणे दुकान वाढवलं. मी बसले असते तर बुडवलंच असतं.

माझ्या शौर्याच्या गोष्टी पेठेत बऱ्याच फिरल्या. अप्पांनी तर त्यात दोन मजली आग घातली. मी कुणाला खोटं पाडलं नाही, हेही सांगून टाकते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी अव्वाला म्हणाले, माझा जेवणाचा डबा जरा मोठा भर, दोघींना पुरेल असा. शाळेत गेल्यावर मी तो त्या मुलीच्या हातात दिला. "हा व्हरांड्यात ठेव," मी म्हणाले. "भोंगा झाला की मला आणून द्यायचा. मी बायांच्या खोलीत असते."

"रोज?" तिनं विचारलं.

"रोज."

दुपारी भोंगा झाला. भागाकार अर्धा टाकून मी आधीच खोलीत जाऊन बसले होते. सगळ्या मुली डबे घेऊन फाटकाकडे धावल्या आणि त्यांच्यातच तीही धावली, तितक्याच घाईनं. वर्गापासून खोली जेमतेम चार पावलांवर होती. ती दारात धापा टाकत उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, डबा."

मी डबा घेतला. ती जाईना, तिथंच उभी राहिली. मग माझ्या लक्षात आलं आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवला.